निरोपाची दुसरी वाट : रायगड किनाऱ्यावरील खऱ्याखोट्या संदेशांचा इतिहास

रायगड जिल्ह्याचा किनारा, म्हणजे उत्तरेस उरण आणि रेवसपासून दक्षिणेस सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या खाडीपर्यंतचा पट्टा, हा फार जुन्या काळापासून परगावच्या माणसांशी निरोपांवर व्यवहार करीत आलेला प्रदेश आहे. टॉलेमीच्या भूगोलात ‘सिमुल्ला’ म्हणून येणारे चौल बंदर घ्यावे किंवा मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर चुली पेटणारी विसाव्या शतकातली गावे घ्यावीत, येथे माल एका ठिकाणी, मालाचा धनी दुसऱ्या ठिकाणी आणि पैसा तिसऱ्याच ठिकाणी असे, आणि त्यामुळे समोर नसलेल्या माणसाच्या शब्दावर विसंबणे ही इथल्या जगण्याची गरजच होती. जिथे निरोपावर विसंबावे लागते तिथे खोटा निरोपही येतो. म्हणून निरोपाची पारख करण्याच्या रीतींचा इतिहास हा या किनाऱ्याच्या व्यापाराचा आणि राज्यकारभाराचाही इतिहास ठरतो.

या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे प्रकरण म्हणजे भ्रमणध्वनीवर येणारे फसवे लघुसंदेश होत. त्यांतही साध्या दहा अंकी, देशी आणि पुष्कळदा आपल्याच भागातल्या वाटणाऱ्या क्रमांकावरून येणारा संदेश अधिक घातक ठरतो, कारण परदेशी क्रमांक पाहून सावध होणारा माणूस जवळचा क्रमांक दिसताच सैलावतो. हा प्रकार नवा भासला तरी त्याची घडण जुनी आहे. निरोपासोबत येणारी खूण आणि निरोपाची खातरजमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खूण पाठवणाऱ्याच्या हाती असते, म्हणून ती चोरता येते, उसनी घेता येते किंवा बनवता येते, तर खातरजमा ही घेणाऱ्याने स्वतः निवडलेल्या दुसऱ्या वाटेने करायची असते. या किनाऱ्यावरचे व्यवहार ज्या ज्या काळी सुरक्षित राहिले, त्या त्या काळी अशी दुसरी वाट शाबूत होती, आणि सध्याच्या फसवणुकीचे मूळ ती वाट लोकांच्या वापरातून गेली यात आहे.

समुद्रावरील ओळखपत्राचा या किनाऱ्यावरचा जुना आणि चांगला ज्ञात असलेला नमुना पोर्तुगीजांच्या ‘कार्ताझ’चा आहे. कार्ताझ म्हणजे जहाजाला दिलेला समुद्रसंचाराचा परवाना. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील देशी जहाजांवर तो घेण्याची सक्ती केली आणि १५२१ मध्ये चौलजवळ रेवदंड्यास त्यांचे ठाणे उभे राहिल्यावर ही सक्ती या किनाऱ्याच्या अगदी दाराशी आली. या कागदावर जहाजाचे व त्याच्या तांडेलाचे नाव, जहाजाचे आकारमान, त्यावरील माणसे, शस्त्रे, माल आणि जाण्याचे ठिकाण असा तपशील असे. एवढा तपशील मागण्यामागे एक शहाणपण होते, ते पुढच्या काळाशी ताडून पाहण्यासारखे आहे. केवळ शिक्का पाहून जहाज सोडले तर एका जहाजाचा परवाना दुसऱ्याने वापरावा हे सहज घडले असते. परंतु कागदावर लिहिलेली माणसे, माल आणि तोफा समोरच्या जहाजावर आहेत की नाहीत हे मोजता येत असल्याने खूण आणि वस्तू यांची प्रत्यक्ष ताडणी होत असे.

अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपल्या हुकमतीतील समुद्रासाठी हीच पद्धत ‘दस्तक’ या नावाने चालविली. दस्तक म्हणजे जकात भरून घेतलेला प्रवासाचा परवाना. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी छत्रपती शाहूंच्या पक्षास मिळाले आणि कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग आदी जलदुर्गांवरील त्यांचा अधिकार मान्य झाला. त्याच सुमारास मुंबईच्या इंग्रजांशीही त्यांचा करार झाला. तो टिकला नाही, आणि त्याच्या मोडण्यामागे जी कारणे होती त्यांतले एक या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. कंपनीच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही हे कान्होजींना मान्य होते, पण देशी व्यापाऱ्यांचा आणि कंपनीच्या नोकरांच्या खासगी व्यापाराचा माल इंग्रजी निशाणाच्या व परवान्याच्या आडोशाने जात असेल तर तो माल कंपनीचा समजायचा का, हा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्याची ओळख पांघरून जकात चुकविणारा माल अडविण्याचा आपला हक्क ते सांगत राहिले, इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत राहिले, आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली फसलेली स्वारी हा या भांडणाचाही एक टप्पा होता. युरोपीय लेखकांनी कान्होजींना दिलेले ‘चाचा’ हे विशेषण पुढे दीर्घकाळ चालत राहिले, हे खेदाचे आहे. निशाण खरे असले तरी त्याखालचा माल खरा असेलच असे नाही, हे कान्होजींनी ओळखले होते.

जमिनीवरच्या पत्रव्यवहारातही हीच काळजी दिसते. मराठी राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उठविली जाई आणि मजकूर संपतो तिथे ‘मोर्तब’ म्हणजे शेवटचा छोटा शिक्का येई. त्या शिक्क्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती घुसड उघडी पडावी हा त्याचा हेतू होता. लांब पत्र कागदाचे बंद एकमेकांना चिकटवून तयार होत असल्याने मधला बंद बदलण्याचा धोका असे, तो टाळण्यासाठी सांध्यावर शिक्का मारीत. पत्राच्या पाठीवर ते दप्तरात नोंदल्याचे शेरे पडत, म्हणजे पत्र घेणाऱ्याला संशय आल्यास मूळ दप्तराकडे विचारणा करण्याची सोय त्या पत्रातच दाखविलेली असे. महत्त्वाची पत्रे नेण्यासाठी जासुदांची, म्हणजे निरोप्यांची, जोडी पाठवीत. नाजूक मजकूर पत्रात न लिहिता तोंडी सांगण्यासाठी राखून ठेवीत, त्यामुळे पत्र परक्याच्या हाती पडले तरी निरोप पुरा होत नसे.

व्यापाऱ्यांची रीत याहून काटेकोर होती. हुंडी, म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर काढलेला रक्कम देण्याचा लेखी आदेश, हे पैसे पाठविण्याचे मुख्य साधन होते आणि पनवेल, पेणसारख्या बंदरी बाजारपेठांचे व्यवहार त्यावर चालत. हुंडीतील रक्कम एकदा लिहून भागत नसे. आकड्यात लिहिलेल्या रकमेची निमे, म्हणजे अर्धी रक्कम, देऊन तिची दुप्पट असे पुन्हा लिहिले जाई, त्यामुळे एखादे शून्य वाढवून रक्कम फुगविणे कठीण होई. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारामार्फतच मिळत. नुसता कागद घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ते देण्याचे बंधन नव्हते. मूळ हुंडी हरवल्यास दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास तिसरी ‘परपेठ’ म्हणून निघे, आणि एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द ठरत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हुंडी काढणारी पेढी पैसे देणाऱ्या पेढीला स्वतंत्र पत्राने आगाऊ सूचना देत असे. हुंडी एका हाताने येई, सूचनापत्र दुसऱ्या हाताने येई, आणि दोन्ही जुळल्याशिवाय थैलीची गाठ सुटत नसे. आजच्या बँका ज्याला दुहेरी पडताळणी म्हणतात, तिचे तत्त्व या पेढ्यांनी विजेशिवाय आणि यंत्राशिवाय अमलात आणले होते, आणि त्यासाठी लागणारा दोन-चार दिवसांचा विलंब ते व्यवहाराची किंमत म्हणून आनंदाने सोसत होते.

खुणेवर विसंबून संपूर्ण मुलूख कसा फसू शकतो, याचे उदाहरण मात्र याच कोकणात १७७६ मध्ये घडले आणि त्याचा शेवट कुलाब्यास झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्या रणधुमाळीत त्यांच्या अखेरीविषयी सर्वांची खात्री पटावी असा पुरावा घरच्यांपर्यंत पोचला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती जिवंत असल्याच्या श्रद्धेने अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. या अनिश्चिततेचा लाभ सुखनिधान नावाच्या उत्तरेकडील एका कनोजी ब्राह्मणाने घेतला. भाऊंशी असलेल्या चेहऱ्याच्या साम्यावर तो स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याचा खोटेपणा चौकशीत उघड झाला आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. निरनिराळ्या किल्ल्यांवर फिरविल्यानंतर अखेर त्याला रत्नागिरीस ठेवले होते. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, रघुनाथरावांच्या प्रकरणात इंग्रज गुंतले आणि पुण्याचा कारभार बारभाईंच्या हाती आला, तेव्हा रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला मोकळे करून भाऊसाहेब म्हणून पुढे केले.

त्यानंतर जे झाले ते खोट्या निरोपाच्या शास्त्राचा वस्तुपाठ म्हणावे असे आहे. तोतयाच्या नावाने हुकूम सुटू लागले आणि ते हुकूम एका सरकारी ठाण्यावरून, ओळखीच्या अधिकाऱ्यामार्फत येत असल्यामुळे कोकणातील किल्ल्यामागून किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. हुकूम कोठून आला हे किल्लेदारांनी पाहिले, पण तो मूळ कोणाचा आहे हे पुण्याला विचारण्याइतका वेळ घेतला नाही, आणि ज्यांना शंका होती त्यांनाही भाऊसाहेब खरेच परतले असतील तर आपण अवज्ञा करणारे ठरू या भीतीने गप्प बसविले. भीती, घाई आणि जवळच्या माणसाच्या तोंडून आलेला शब्द या तीन गोष्टी एकत्र आल्या की शहाणी माणसेही चौकशी सोडतात. इतिहासकारांनी दिलेल्या आकड्यानुसार तोतयाभोवती वीस हजारांच्या आसपास फौज जमली आणि ती बोरघाटापर्यंत पोचली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तिचा मोड केल्यावर तोतया समुद्रमार्गे निसटू पाहू लागला, तेव्हा कुलाब्याचे राघोजी आंग्रे यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले.

पुण्यात नाना फडणीस आणि सहकाऱ्यांनी त्याला तडकाफडकी ठार केले असते तर संशय मागे उरला असता. तसे न करता पंचांपुढे चौकशी झाली, खऱ्या भाऊंना जवळून ओळखणारी माणसे समोर आणली गेली, आणि तो तोतया असल्याचा निर्णय झाल्यावर १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही हकिकत मराठी वाचकांच्या स्मरणात राहिली, परंतु तिचा प्रशासकीय बोध नाट्यमय भागाखाली झाकला गेला. चेहरा, नाव, ठाणे आणि शिक्का या चारही खुणा जुळत असताना जी गोष्ट उघडी पडली ती केवळ स्वतंत्र साक्षीने उघडी पडली.

१८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा होऊन कुलाबा इंग्रजी अमलात आले, आणि पुढे त्याचा जिल्हा झाला, त्याचेच नाव १९८१ मध्ये रायगड असे बदलले. इंग्रजी अमलात निरोपाची विश्वासार्हता प्रथमच एका सार्वजनिक संस्थेने आपल्या अंगावर घेतली. १८५४ पासून देशभर एकसारख्या दराने चालणारे टपाल, १८७९ चे पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि १८८० मध्ये टपालखात्याकडे आलेली मनिऑर्डर यांनी मुंबई आणि कोकण यांच्यात एक दुवा बांधला. मनिऑर्डर सुरक्षित होती ती तिच्या कागदामुळे नव्हे, पोस्टमनमुळे. पैसे घेणारी बाई कोण, तिचा नवरा कोणत्या चाळीत राहतो, अंगठा उठविताना साक्षीला कोणाला उभे करायचे हे त्याला ठाऊक असे, आणि अंगठ्याला साक्षीदार हवाच हा खात्याचा नियम होता. तारेच्या बाबतीत ही सुरक्षितता कमी होती, कारण तारेचा मजकूर पाठवणाऱ्याच्या अक्षरातही येत नसे. तरीही तार आणणारा माणूस खात्याचा असे आणि मूळ फॉर्म पाठवणाऱ्या कचेरीत जमा राही. बँका तारेने रक्कम पाठवीत तेव्हा केवळ दोन शाखांनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्यांच्या कोष्टकावरून काढलेली पडताळणीची संख्या मजकुरात घालीत, म्हणजे तारयंत्रावर बसलेल्या माणसालाही खोटी तार रचता येत नसे. १५ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली तोवर लोकांच्या हातातील निरोपाचे साधन पूर्णपणे बदललेले होते.

या बदलाच्या मधोमध दूरध्वनीच्या क्रमांकाची कथा येते. घरगुती दूरध्वनी तारेने खांबाला, खांब गावच्या केंद्राला आणि केंद्र एका सांकेतिक क्रमांकाला बांधलेले असे. अलिबागचा ०२१४१, पेणचा ०२१४३, मुरूडचा ०२१४४, श्रीवर्धनचा ०२१४७ हे आकडे दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि एसटीडी बूथच्या भिंतींवर लिहिलेले असत. तो आकडा दिसला की माणूस कोठे बसला आहे हे कळे, आणि छापील दूरध्वनी पुस्तिकेत पाहून तो कोण हेही कळे. क्रमांक म्हणजे पत्ता, हा संस्कार एका पिढीवर असा झाला, आणि तो त्या काळी खराच होता.

१९९५ मध्ये देशात भ्रमणध्वनी आला तेव्हा हा संबंध निम्मा तुटला. दहा अंकी क्रमांकाच्या पहिल्या अंकांवरून कंपनी आणि दूरसंचार मंडल, म्हणजे परवान्यासाठी आखलेला प्रदेश, एवढेच समजे. आणि ‘महाराष्ट्र व गोवा’ हे मंडल सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेले असल्याने त्यातला क्रमांक अलिबागकराला जवळचा वाटण्यास फारसा आधार नव्हता. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आणि मंडल बदलण्याची सोय जुलै २०१५ मध्ये आल्यावर उरलेला संबंधही संपला. आता क्रमांक फार तर एवढे सांगतो की हे सिमकार्ड पहिल्यांदा कोठे दिले गेले असावे. लोकांच्या मनात मात्र क्रमांक म्हणजे पत्ता हा जुना संस्कार तसाच राहिला, आणि फसविणाऱ्यांचा धंदा याच मधल्या फटीत उभा आहे.

जवळचा वाटणारा क्रमांक फसविणाऱ्याच्या हाती येण्याचे मार्ग अनेक आहेत. गरीब किंवा अजाण माणसांच्या कागदपत्रांवर काढलेली सिमकार्डे विकत मिळतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणुकीने सिमकार्ड मिळविण्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, यावरून या व्यापाराचे गांभीर्य कळते. ‘सिमबॉक्स’ नावाच्या यंत्रात अनेक सिमकार्डे एकाच वेळी बसवून दूरवरून, प्रसंगी परदेशातून, आलेला संदेश किंवा कॉल देशी क्रमांकाच्या वेषात पुढे ढकलता येतो. परदेशातून येणाऱ्या कॉलवर भारतीय क्रमांक दाखविण्याची चलाखी इतकी वाढली की ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाला असे कॉल वाटेतच अडविणारी यंत्रणा उभी करावी लागली. याहून वाईट प्रकार असा की फसलेल्या माणसाच्या फोनमध्ये शिरलेले घातक अ‍ॅप त्याच्याच नावाने त्याच्या ओळखीच्या लोकांना संदेश पाठविते, आणि तेव्हा क्रमांकही खरा असतो, नावही खरे असते, फक्त बोलणारा परका असतो. क्रमांकापुढे नाव दाखविणाऱ्या अ‍ॅपवर भिस्त ठेवणेही चुकीचे आहे. तेथील पुष्कळशी नावे वापरकर्त्यांनीच भरलेली असतात, म्हणून ‘वीज अधिकारी’ हे नाव फसविणारा स्वतःसाठी भरू शकतो.

या किनाऱ्यावर अशा संदेशांना सुपीक जमीन कशी मिळते हे वीजबिलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब मोडून पडले आणि श्रीवर्धन, मुरूडकडील कित्येक गावांनी दिवसेंदिवस अंधार सोसला. वीज जाण्याची भीती येथे काल्पनिक नाही. मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, तेव्हा अमुक अधिकाऱ्याला ताबडतोब फोन करा, अशा आशयाचा दहा अंकी क्रमांकावरून येणारा संदेश २०२२ च्या सुमारास राज्यभर फिरला. फोन केल्यावर पलीकडचा माणूस फोनचा पडदा दुरून पाहता येईल असे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगतो, दहा रुपयांसारखी किरकोळ रक्कम भरण्यास सुचवितो आणि ती भरताना टाइप होणारे सर्व आकडे वाचून खाते रिकामे करतो. ‘महावितरण’ने त्या वेळी वारंवार जाहीर केले की कंपनीचे अधिकृत संदेश ‘एमएसईडीसीएल’ या प्रेषकनावानेच येतात आणि त्यांत कोणत्याही अधिकाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर फोन करण्यास सांगितलेले नसते. याहून बळकट आधार कायद्यात आहे: २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्रीची धमकी देणारा संदेश म्हणूनच स्वतःचा खोटेपणा स्वतःच सांगतो. ज्याला हे कलम ठाऊक आहे त्याला क्रमांक तपासण्याचीही आवश्यकता उरत नाही.

बाजारातला प्रकार वेगळा. मासळी बाजारात कोळीण भगिनी आता क्यूआर संकेतावर पैसे घेतात, आणि गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक रक्कम जमा झाल्याचा संदेश दाखवून मोकळे होते. बँकेच्या भाषेत लिहिलेला असा संदेश कोणीही कोणत्याही फोनवरून पाठवू शकतो. याचाच दुसरा पाठ असा की, चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, कृपया परत करा, म्हणून विनवणी करणारा फोन येतो आणि पुरावा म्हणून तसाच बनावट संदेश आधी येऊन पडलेला असतो. संदेश म्हणजे पैसे नव्हेत. खात्यातील शिल्लक बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये, पासबुकात किंवा बँकेशी जोडलेल्या ध्वनियंत्रावर कळते, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही. नागाव, काशीद, दिवेआगर येथील घरगुती निवासांच्या बाबतीत फसतो तो पर्यटक, पण नाव खराब होते ते गावाचे: खऱ्या कॉटेजची छायाचित्रे उचलून, आगाऊ रक्कम मागून नाहीसे होणारे लोक सुट्टीच्या हंगामावर नजर ठेवून असतात. वाहनाच्या दंडाची पावती किंवा लग्नाची पत्रिका म्हणून येणारी ‘एपीके’ धारिका, म्हणजे अधिकृत दुकानाबाहेरून फोनमध्ये उतरवायचे अ‍ॅप, ही फोनचा ताबाच घेऊ शकते. पत्रिका आणि दंडाच्या पावत्या अ‍ॅपच्या रूपात येत नाहीत, एवढे एक ज्ञान घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत पोचविणे अत्यंत निकडीचे आहे. शासकीय योजनांच्या लाभार्थी स्त्रियांना ‘केवायसी’च्या, म्हणजे ओळखपडताळणीच्या, नावाने येणाऱ्या बनावट दुव्यांबाबतही तीच तत्परता हवी, कारण महिन्याला मिळणारे १,५०० रुपये ज्या घराला आधार देतात, त्या घराने ते गमावणे ही लहान हानी नव्हे.

शासनाने आणि नियामकांनी या संदर्भात जी व्यवस्था उभी केली आहे ती जुन्या मुद्रा-मोर्तबाच्या जातीची आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी बँका, कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी संदेश पाठविण्यापूर्वी आपले प्रेषकनाव आणि मजकुराचा साचा नोंदविणे आवश्यक केले. अशा संदेशावर दहा अंकी क्रमांकाऐवजी अक्षरी नाव दिसते. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वनोंदणी नसलेले दुवे असलेले असे संदेश अडविले जाऊ लागले, आणि २०२५ पासून प्रेषकनावाच्या शेवटी जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि शासनासाठी ‘जी’ ही अक्षरे येऊ लागली. बँकांच्या व्यवहारविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमाला राखून ठेवली आहे. त्यामुळे बँकेचा, वीज कंपनीचा किंवा न्यायालयाचा म्हणून आलेला संदेश दहा अंकी क्रमांकावरून असेल तर तो पुढे वाचण्यापूर्वीच खोटा मानावा, असा नियम आता निःशंकपणे सांगता येतो. उलट नियम मात्र सांगता येत नाही: अक्षरी नावाने आलेला प्रत्येक संदेश खरा असतोच असे नाही, कारण लघुसंदेशाच्या मूळ तंत्रात पाठवणाऱ्याची ओळख सिद्ध करण्याची सोय नव्हती आणि बनावट मनोऱ्याद्वारे आसपासच्या फोनांमध्ये हवे ते नाव लावून संदेश घुसविण्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत.

शिवाय या किनाऱ्याचा बराचसा खरा व्यवहार दहा अंकी क्रमांकांवरच चालतो. होडीचा नाखवा, नारळ-सुपारीचा बागाईतदार, कॉटेजचा मालक, मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव यांच्याजवळ नोंदणीकृत प्रेषकनाव नसते, आणि मुंबईत शिकणारा मुलगा मित्राच्या फोनवरून खरोखरच अडचणीत असल्याचे कळवू शकतो. येथे पेढीवाल्यांची सूचनापत्राची रीत कामी येते. ज्या क्रमांकावरून संदेश आला त्यावर किंवा संदेशात दिलेल्या क्रमांकावर उलट विचारणा करणे म्हणजे तोतयालाच त्याची ओळख विचारणे होय. विचारणा करायची ती आधीपासून वहीत किंवा बिलाच्या पाठीवर असलेल्या क्रमांकावर, शेजारच्या माणसामार्फत, अथवा प्रत्यक्ष कचेरीत जाऊन. ओळखीच्या माणसाचा आवाजही आता यंत्राने बनविता येत असल्याने घरातल्या घरात एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवणे ही आजच्या कुटुंबांसाठी उपयोगी गोष्ट आहे, मात्र तो शब्द समोरासमोर ठरलेला असावा, फोनवर कळविलेला नसावा.

पैसे गेल्यानंतरची वाटही स्वतंत्र आहे आणि ती वेळेवर अवलंबून आहे. १९३० हा राष्ट्रीय मदतक्रमांक पोलीस आणि बँका यांना एका जाळ्यात जोडतो, त्यामुळे रक्कम फसविणाऱ्यांनी भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी तक्रार पोचली तर ती वाटेत गोठविता येते. उशीर झाला की ती अनेक खात्यांत फुटून रोखीने निघून जाते. पैसे गेले नसतील, केवळ संशयास्पद संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून असलेल्या ‘चक्षू’ या सोयीत तो नोंदविता येतो आणि त्या आधारे क्रमांक बंद होऊ शकतो. संदेश पुसून टाकण्याची घाई अनेकजण लाजेपोटी करतात, ती करू नये, कारण तोच पुरावा असतो आणि फसण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असेल आणि बँकेकडून व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली असेल तर त्याच्यावर नुकसान येत नाही. ओटीपीसारखा गुप्त आकडा त्याने स्वतः दिला असल्यास तक्रार नोंदेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि नोंदल्यानंतरचे बँकेचे मानले जाते. म्हणून व्यवहाराचा बँकेकडून आलेला संदेश कोणत्या दिवशी किती वाजता आला आणि तक्रार किती वाजता, कोणत्या क्रमांकाने नोंदली गेली, या दोन्ही वेळा कागदावर लिहून ठेवाव्या लागतात, कारण पुढे बँकेशी होणारा वाद त्या दोन नोंदींवरच तुटतो.